तेलुगू सिनेमातले 'गोखले' कोण?

प्रश्न: 'मायाबझार'च्या (१९५७) टायटल्समध्ये कला विभागात गोखले नाव दिसलं, हे आपले मराठी का? आणि तेव्हा कला दिग्दर्शक नेमकं काय करायचा?

उत्तर: नाही हो, पुण्याबिण्याचे नाहीत! माधवपेद्दी गोखले हे पक्के तेलुगू, माधवपेद्दी हे घराण्याचं नाव आणि गोखले हे त्यांचं स्वतःचं. त्यांच्यासोबत कलाधर नावाचे दुसरे कला दिग्दर्शक होते. आता काम म्हणाल तर तेव्हा मद्रासला बहुतेक शूटिंग स्टुडिओतच व्हायचं, म्हणजे राजवाडा असो की नदीकाठ, सगळं आधी कागदावर रंगवायचं, मग सुतारांकडून लाकडी सांगाडा, त्यावर कापड नाहीतर प्लास्टर, आणि मागे रंगवलेला पडदा. मायाबझारमधली द्वारका तर छोट्या छोट्या घरांचं मॉडेल आहे, पण पडद्यावर अख्खं शहर वाटतं. त्यात सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे भिंतीचा रंग डोळ्याला कसा दिसतो याला काही अर्थच नाही, लाल आणि हिरवा दोन्ही पडद्यावर सारखेच करडे दिसू शकतात, म्हणून कॅमेरामनशी सतत बोलत राहावं लागायचं. मला स्वतःला 'चंद्रलेखा' या तमिळ सिनेमातले (१९४८) नाचाच्या सेटवरचे ते राक्षसी ढोल जास्त आवडतात, ते कला दिग्दर्शक ए. के. शेखर यांचं काम. नक्की बघा.