ठराव झाला, पण नोटीस कुठे आहे?

वांद्रे पूर्वेच्या एका म्हाडा वसाहतीतून सोसायटीच्या सचिवांचं पत्र आलं आहे. चाळीस घरांची इमारत. २०१४ मध्ये बिल्डरबरोबर पुनर्विकासाचं डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंट नोंदवलं, पण आजपर्यंत एक वीट रचलेली नाही. नऊ कुटुंबांना भाडं देऊन बाहेर नेलं, त्यांचं भाडं २६ महिने थकलंय. बाकीची एकतीस कुटुंबं जुन्याच इमारतीत आहेत. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये विशेष सर्वसाधारण सभेत बिल्डरला काढायचा ठराव झाला. आता कळतंय की बिल्डरच्या एका फायनान्सरने त्याच्या कंपनीविरुद्ध एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, दिवाळखोरीचा अर्ज लावला आहे. दरम्यान दुसरा बिल्डर जास्त कारपेट (घराचं आतलं क्षेत्रफळ) देतो म्हणून मागे लागलाय. सचिव विचारतात, नव्या बिल्डरबरोबर सही करावी का?

सचिवसाहेब, नाही. आत्ता नाही. आणि तुमचा खरा प्रश्न हा नाहीच.

बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, २०२२ मध्ये कन्व्हेन्शन सेंटर सुरू झालं, तेव्हापासून आजूबाजूच्या वसाहतींतून अशी पत्रं मला सारखी येतात. खेरनगर, निर्मलनगर, गांधीनगर, सगळीकडे तीच कथा. २०२३ मध्ये तिथे ऑलिंपिक समितीचं अधिवेशन भरलं, २०२४ मध्ये मेट्रो बीकेसीपर्यंत आली, सरकारी वसाहतीच्या जागेवर उच्च न्यायालयाचं नवं संकुल येतंय. भाव चढले आणि दहा वर्षं धूळ खात पडलेल्या करारांना अचानक किंमत आली. काम न करणारा बिल्डर करार का सोडत नाही, याचं उत्तर यातच आहे. त्याने काही बांधलं नसेल, पण तुमच्या जागेच्या पुनर्विकासाचा सही केलेला कागद त्याच्याकडे आहे. तो कागद दाखवून तो कर्ज काढतो किंवा वाटाघाटी करतो. आता त्याचा फायनान्सरही त्याच कागदाकडे बघतोय.

तुम्ही कराराची पानं स्कॅन करून पाठवलीत, त्याबद्दल आभार. कलम ३१ पुन्हा वाचा. बिल्डरकडून कसूर झाली तर सोसायटीने लेखी नोटीस द्यायची, ती दूर करायला ६० दिवस द्यायचे, आणि तरीही ती दूर झाली नाही तर सोसायटीला करार ‘रद्द करता येईल’. करार आपोआप ‘रद्द होईल’ असं तिथे लिहिलेलं नाही. म्हणजे दोन पत्रं लागतात. एक साठ दिवसांचं आणि ते संपल्यावर दुसरं, ‘करार रद्द केला’ असं सांगणारं. तुमच्या पत्रात यातल्या एकाचाही उल्लेख नाही. सभेचा ठराव ही सोसायटीची आपापसातली गोष्ट आहे. तो मिनिट बुकात आहे, बिल्डरच्या हातात नाही. कायद्याच्या नजरेत २०१४ चा करार आजही जिवंत आहे.

पत्रात तुम्ही लिहिलंय की नवा बिल्डर म्हणाला, ‘थांबा, नोटीस आमचे वकील काढतील.’ या एका वाक्यावर तुम्ही वर्षभर थांबलात. गणपती झाले, दिवाळी झाली, पुन्हा पावसाळा आला. मला याचा राग येतो, कारण भाड्याच्या घरात राहणारी नऊ कुटुंबं तुमच्या भरवशावर बाहेर पडली होती. जुना करार कधी आणि कसा तुटावा, यात नव्या बिल्डरचा स्वतःचा स्वार्थ आहे. तुमची नोटीस त्याच्या वकिलाने का लिहावी?

आता घाई कशाची, ते सांगतो. दिवाळखोरी संहितेखाली एनसीएलटीने अर्ज दाखल करून घेतला की त्याच आदेशाने कलम १४ चा मॉरेटोरियम, म्हणजे कारवायांवरची तात्पुरती बंदी, लागतो. त्यानंतर त्या कंपनीविरुद्ध दावे थांबतात आणि तिच्या ताब्यात किंवा वापरात असलेली मालमत्ता परत घेता येत नाही. गोरेगावच्या पत्रा चाळीचं उदाहरण समोर आहे. ६७२ रहिवाशांचा पुनर्विकास. बिल्डर कंपनीवर जुलै २०१७ मध्ये मॉरेटोरियम लागला आणि म्हाडाने करार रद्द करण्याची नोटीस काढली जानेवारी २०१८ मध्ये. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मॉरेटोरियम चालू असताना म्हाडाला ती जागा परत घेता येणार नाही. जमिनीची मालक म्हाडा, तरीही.

याच्या उलट, तुमच्या शेजारच्याच खेरनगरमधल्या एका सोसायटीचं प्रकरण नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. तिथे सोसायटीने करार आधीच रद्द केला होता, बिल्डरची दिवाळखोरी नंतर सुरू झाली. मेलेल्या कराराला मॉरेटोरियमचं कवच मिळालं नाही आणि सोसायटीचा मार्ग मोकळा झाला. दोन्ही प्रकरणांत बरेच फरक आहेत, पण तुमच्यासाठी महत्त्वाचा फरक तारखांच्या क्रमाचा आहे. रद्द केल्याचं पत्र आधी की एनसीएलटीचा आदेश आधी?

अर्ज आला की चौदा दिवसांत निर्णय व्हावा, असं संहितेत आहे. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि महिने जातात. एरवी या उशिरावर मी चिडतो. आज तोच उशीर तुमच्या हातात असलेला वेळ आहे, पण तो किती आहे हे कोणी सांगू शकत नाही. फायनान्सर आणि बिल्डर यांच्यात तडजोड होऊन अर्ज मागेही घेतला जाईल. नाहीतर पुढच्याच तारखेला आदेश येईल.

म्हणून आजचं काम एकच. जुनी फाइल काढा. ‘सतत पत्रव्यवहार केला’ असं तुम्ही लिहिलंय. त्यात भाडं थकल्याचं किंवा काम सुरू न केल्याचं स्पष्ट लिहून मुदत दिलेलं एखादं पत्र आहे का? कलम ३१ चा उल्लेख असेल तर उत्तमच. नसेल तरी दाखवा, बघू. असं पत्र बिल्डरला पोचल्याचा पुरावा असेल, तर साठ दिवस केव्हाच संपले असा युक्तिवाद उभा राहतो आणि रद्द केल्याचं पत्र याच आठवड्यात जाऊ शकतं. पत्र सापडलं नाही तर साठ दिवसांची नोटीस उद्या काढा आणि एकसष्टाव्या दिवशी दुसरं पत्र टाका.

पुरावा कसला, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका सोसायटीच्या प्रकरणात सगळं असंच एका पत्रावर येऊन थांबलं होतं. पत्र होतं, बिल्डरच्या ऑफिसचा इनवर्डचा (पत्र मिळाल्याचा) गोल शिक्काही होता. पण शिक्का मारताना हात हलला होता आणि तारखेतला महिना पुसट झाला होता. तो ‘३’ की ‘८’ यावर दोन्ही वकील कोर्टाच्या दोन तारखा भांडले. सोबत स्पीड पोस्टाची पावती असती तर पाच मिनिटांत विषय संपला असता. त्यामुळे हातपोच शिक्का, स्पीड पोस्ट आणि करारात दिलेल्या ईमेल पत्त्यावर मेल, तिन्ही करा. पावत्या मूळ पत्राला टाचून ठेवा. एक प्रत म्हाडाला द्या. जमीन म्हाडाची आहे आणि या वसाहतींत बांधकामाची परवानगीही तीच देते.

नोटिशीत काय लिहू नये, तेही ऐका. ‘तुम्ही दिवाळखोरीत जाताय म्हणून करार रद्द करतो’ असं एक अक्षरही नको. केवळ दिवाळखोरीच्या कारणाने करार तोडला तर एनसीएलटी हस्तक्षेप करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलंय. तुमच्याकडे याहून भक्कम कारणं आहेत. २६ महिन्यांचं थकलेलं भाडं, न मिळवलेलं सीसी (बांधकाम सुरू करण्याचं प्रमाणपत्र), उलटून गेलेली मुदत. तेवढीच लिहा, तारीखवार.

रिकामी केलेली नऊ घरं कोणाच्या ताब्यात आहेत, हे पत्रात नाही. चाव्या बिल्डरकडे असतील तर तो कच्चा दुवा आहे, कारण कलम १४ मध्ये ताब्यालाही महत्त्व आहे. उरलेल्या एकतीस जणांपैकी कोणीही या काळात घर रिकामं करून देऊ नये. नव्या बिल्डरचा माणूस ‘सर्व्हे’साठी कुलूप लावायला आला तरीही नाही.

बाकीच्या मुद्द्यांवर मी आज ठाम बोलणार नाही. करार रद्द झाल्यावर बिल्डर लवादात जाईल किंवा उच्च न्यायालयात लवाद कायद्याच्या कलम ९ खाली स्थगिती मागेल. मिळेल की नाही ते कागदांवर अवलंबून. ऑगस्टच्या सभेचा कोरम पुरा होता का आणि नोटिशीवर सही करायचे अधिकार ठरावाने कोणाला दिले, ते मिनिट्स पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. अधिकार दिलेले नसतील तर सभा पुन्हा बोलवा, पण त्यासाठी नोटीस अडवून ठेवू नका. समितीच्या सहीने ती जाऊ दे, सभेची मंजुरी लगेच घ्या. रेराबद्दल, म्हणजे बिल्डरांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाबद्दल, विचारलंत. मूळ रहिवाशांच्या तक्रारीला तिथे दाद मिळणं अवघड असतं, त्यात वेळ घालवू नका.

नऊ कुटुंबांच्या भाड्याचा हिशेब मात्र वेगळा ठेवा. थकबाकीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते आणि सगळ्यात जुना हप्ता २६ महिन्यांचा झालाय. दरम्यान एनसीएलटीचा आदेश आलाच तर जाहीर नोटीस निघते. त्यातल्या मुदतीत प्रत्येक कुटुंबाने आपला दावा एनसीएलटीने नेमलेल्या दिवाळखोरी व्यावसायिकाकडे दाखल करायचा. सोसायटीचा वेगळा, कुटुंबांचे वेगळे.

नव्या बिल्डरकडून तोवर एक रुपयाही घेऊ नका. त्याला सांगा, जुना करार कायदेशीर तुटल्यावर सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांप्रमाणे निविदा निघेल, त्यात त्याने भाग घ्यावा. आज त्याच्याशी सही केली तर जुना बिल्डर म्हणेल की करार सोसायटीनेच मोडला. त्याच्या हातात हे कोलीत आपण का द्यायचं?

फाइल घेऊन या. मूळ डेव्हलपमेंट करार, ऑगस्टच्या सभेचे मिनिट्स, भाड्याच्या शेवटच्या नोंदी असलेली बँक पासबुकं, आणि बिल्डरला मुदत दिलेलं ते जुनं पत्र. पत्र सापडलं तर भेटीची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. रद्द केल्याचं पत्र मी संध्याकाळपर्यंत तयार करून देतो.