सगळी डिस्नेलँड सारखीच असतात ना? मग हे चाहते तुलना कशाची करत बसतात?

तुम्ही विचारलंय की हाँगकाँगचं डिस्नेलँड मुलांना दाखवून झालंय, आता टोकियो किंवा पॅरिसला गेलो तर तिथल्या डिस्नेलँडवर पुन्हा पैसे घालवण्यात अर्थ आहे का. आणि एकाच कंपनीच्या पार्कांमध्ये या वेड्या लोकांना एवढा फरक दिसतो तरी कुठे.

माझ्या सासऱ्यांचं मत तुमच्यासारखंच आहे. "एकच उंदीर सहा गावांत जाऊन बघायचा?" असं ते दर दिवाळीला न चुकता विचारतात. मी त्या वेड्यांपैकीच असल्यामुळे उत्तर द्यायची सवय झाली आहे.

गावं खरंच सहा आहेत. कॅलिफोर्नियातलं अनाहाइम (1955), फ्लोरिडा (1971), टोकियो (1983), पॅरिस (1992), हाँगकाँग (2005) आणि शांघाय (2016). कुठे किती राईड, किती एकर, तिकीट केवढ्याला, ही कोष्टकं टूरवाले छापतात. चाहत्यांच्या गप्पा तिकडे फारशा वळतच नाहीत. ते एखादी राईड धरतात आणि ती या गावातून त्या गावात जाताना काय काय बदललं आणि का बदललं, याच्या मागे लागतात.

उदाहरणादाखल भुताचा वाडा घ्या, हाँटेड मॅन्शन. अनाहाइमला तो 1969 साली उघडला. आत शिरल्यावर तुम्हाला एका आठ कोनी खोलीत उभं करतात. दार बंद होतं आणि मग ते नेमकं कुठल्या भिंतीत होतं तेच कळेनासं होतं. भिंतीवर चित्रं आहेत. एका चित्रात नाजूक छत्री धरलेली एक मुलगी गोड हसते आहे. मग खोली लांबायला लागते, चित्रंही खालच्या बाजूने उलगडत जातात आणि दिसतं की ती मुलगी तुटायला आलेल्या दोरीवर उभी आहे आणि खाली मगर आ वासून बसली आहे. लोक ओरडतात, हसतात, पुढे जातात. चाहता मात्र विचारतो, खोली लांबली म्हणजे नक्की काय झालं?

अनाहाइमला ती खोली म्हणजे चक्क लिफ्ट आहे. छत जागेवर राहतं आणि तुम्ही खाली जाता. कारण असं की तिथे पार्कभोवती मातीचा उंच बांध आहे, बाहेरचं शहर दिसू नये म्हणून घातलेला, आणि त्यावरून आगगाडी फिरते. पार्क लहान, राईडची मुख्य इमारत आत मावेना, म्हणून ती बांधाबाहेर बांधली. आता माणसं तिथवर न्यायची तर रुळांखालून न्यायला हवीत. तेव्हा त्यांना आधी खाली उतरवायचं, आणि उतरवतोय हे त्यांना कळू द्यायचं नाही. फ्लोरिडात जागेला तोटा नव्हता, उतरायची गरजच नव्हती, पण त्या खोलीची गंमत सोडवेना. म्हणून तिथे तुम्ही जागच्या जागी राहता आणि छत वर जातं. टोकियोत फ्लोरिडाचीच नक्कल, त्यामुळे तिथेही छतच वर जातं. पॅरिसला पुन्हा लिफ्ट. ज्याला हे माहीत नाही त्याला चारही ठिकाणी तोच अनुभव येतो. ज्याला माहीत आहे तो खोलीत शिरल्यापासून पायाखाली काही हलतंय का इकडे लक्ष लावून उभा असतो. मीही असते. सोबतच्या मंडळींना हा वेडेपणा वाटतो आणि ते बरोबरच आहे.

वाड्याचं बाहेरचं रूप हा आणखी वेगळा विषय. वॉल्ट डिस्नेला आपल्या टापटीप पार्कात पडका वाडा नको होता, म्हणून अनाहाइमचं मॅन्शन बाहेरून स्वच्छ, पांढरं, खांबांचं. पॅरिसला ते बंधन कोणी पाळलं नाही. तिथे नाव फँटम मॅनर, जागा अमेरिकन वेस्टच्या विभागात टेकडीवर, आणि घर अगदी ओसाड, रंग उडालेलं. आत एका नववधूची बऱ्यापैकी करुण गोष्ट. टोकियोत हाच वाडा फँटसीलँडमध्ये, परीकथांच्या शेजारी. आणि तुम्ही पाहून आलात त्या हाँगकाँगला तर भूतच नाही! मृतात्म्यांची थट्टा चिनी प्रेक्षकांना रुचणार नाही म्हणून 2013 साली तिथे मिस्टिक मॅनर केलं. एका हौशी लॉर्डचा पुराणवस्तूंचा संग्रह, त्याचं आल्बर्ट नावाचं माकड एक संगीतपेटी उघडतं आणि सगळ्या वस्तू जिवंत होतात. गाड्यांना रूळ नाहीत, त्या खोल्यांमधून स्वतःहून वाट काढल्यासारख्या फिरतात. शांघायला या कुळातलं काहीच नाही.

आता सांगा, हे सारखं आहे की वेगळं? गणपतीत मानाच्या पाचांपासून सुरुवात करून पहाटेपर्यंत पेठा पालथ्या घालणाऱ्या पुणेकराला कोणी विचारत नाही की सगळीकडे गणपतीच तर आहे, मग एवढं काय बघतोस. त्याला मखर बघायचं असतं, मूर्तीची सोंड बघायची असते, यंदा कोणत्या मंडळाने हात आखडता घेतला ते बघायचं असतं.

हात आखडता घेण्यावरून आठवलं. आम्हा पुण्यातल्या काही जणांचा एक कंपू आहे, एरंडवण्यात एका मित्राच्या गच्चीवर जमतो. तिथे सगळ्यात जुना वाद पैशांचा. टोकियोचं डिस्नेलँड डिस्नेच्या मालकीचं नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ते ओरिएंटल लँड नावाच्या जपानी कंपनीचं आहे. आराखडे आणि पात्रं डिस्नेची, त्याबद्दल डिस्नेला रॉयल्टी मिळते. बांधायचं आणि चालवायचं काम ओरिएंटल लँडचं. याचा परिणाम बघायचा तर 2001 हे वर्ष बघा. त्या वर्षी फेब्रुवारीत अनाहाइमला जुन्या पार्कासमोर दुसरं पार्क उघडलं, कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर. हात राखून बांधलेलं, जत्रेतल्यासारखे पाळणे, कॅलिफोर्नियातच कॅलिफोर्नियाची प्रतिकृती. लोकांनी नाकं मुरडली, आणि पुढे एक अब्ज डॉलरहून जास्त ओतून 2012 पर्यंत ते जवळजवळ नव्याने घडवावं लागलं. त्याच 2001 च्या सप्टेंबरात टोकियोला डिस्नेसी उघडलं. मधोमध ज्वालामुखी, त्याच्या पोटात ज्यूल व्हर्नच्या कथांवरच्या राईड, व्हेनिससारखे कालवे, धक्क्याला लागलेलं भलं मोठं जहाज, आणि बंदराच्या काठावरून पलीकडे खरा टोकियोचा उपसागर. कल्पना लढवणारी कंपनी तीच, वर्षही तेच. फरक खर्च करणाऱ्याच्या दानतीचा. पॅरिसच्या दुसऱ्या पार्काचं 2002 साली अनाहाइमसारखंच झालं, राईड मोजून इतक्या कमी की लोक दुपारी पहिल्या पार्कात परत जायचे.

म्हणून जगभरातल्या चाहत्यांना सगळ्यात सुंदर पार्क कुठलं विचारलं की बहुतेक जण डिस्नेसीचं नाव घेतात. माझंही मत तेच. फक्त कंपूतला एकजण पॅरिसचा हट्टी समर्थक आहे, आणि त्याचं म्हणणं अगदीच फेटाळता येत नाही. पॅरिसला खरे किल्ले आणि राजवाडे हाकेच्या अंतरावर, तिथे पार्काच्या मधोमध साधा नकली किल्ला कोण बघणार? म्हणून त्यांनी तो मुद्दाम चित्रातल्यासारखा केला, गुलाबी, चौकोनी कातरलेल्या झाडांचा, आणि खाली तळघरात ड्रॅगन ठेवला. बाहेर फोटो काढणाऱ्या गर्दीतल्या अनेकांना खाली काही आहे याचा पत्ताच नसतो. अंधारी गुहा, पाण्याचा आवाज, आणि साखळदंडाने बांधलेलं ते धूड झोपलेलं. थोडं थांबलात तर जागं होतं, मान उचलतं, नाकातून धूर सोडतं. रांग नाही, गाडी नाही, हवं तितका वेळ बघत राहा. दुसऱ्या कुठल्याही किल्ल्याखाली हे नाही.

तसंच तिथलं बिग थंडर माउंटन. बाकी ठिकाणी खाणीतली ती पळती आगगाडी जमिनीवरच्या डोंगरात फिरते. पॅरिसला डोंगर नदीच्या मधोमध बेटावर आहे. त्यामुळे काठावरून सुटलेली गाडी अंधारात नदीखालून जाते, बेटावर वर येते, धिंगाणा घालते आणि पुन्हा नदीखालून परत. राईडचं नाव तेच, पण ही पॅरिसवाल्यांनी जिंकलेली पैज आहे, हे टोकियोचे भक्तसुद्धा कबूल करतात.

हवामानाने काय काय करायला लावलंय ते बघण्यातही मजा आहे. प्रवेशाजवळचा दुकानांचा रस्ता अनाहाइमला उघडा, कारण तिथे पाऊस नावालाच. टोकियोत त्या सगळ्या रस्त्यावर काचेचं छत. पॅरिसला रस्ता उघडा, पण दोन्ही बाजूंना दुकानांच्या मागून झाकलेले लांब बोळ, पावसात तिथून चालत जा. पावसाळ्यात लक्ष्मी रोडवर खरेदी केलेल्या बाईला या बोळांचं मोल वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. चाहत्यांचा निवाडा निःपक्षपाती कधीच नसतो. प्रत्येकाचं एक होम पार्क असतं, म्हणजे जिथे त्याचं पहिलं प्रेम जडलं ते, आणि बाकी सगळं त्याच मापाने मोजलं जातं. माझं अनाहाइम, नवऱ्याची ऑनसाइट पोस्टिंग तिकडे होती, शनिवार-रविवारी दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. तिथला किल्ला फक्त 77 फूट. फ्लोरिडाचा 189 फूट. फ्लोरिडात वाढलेला माणूस अनाहाइमला येऊन "एवढासाच?" म्हणतो, आणि मला फ्लोरिडाचा किल्ला एखाद्या बँकेच्या मुख्य कार्यालयासारखा वाटतो. दोघांनाही समजावण्यात अर्थ नाही. तेव्हा कोणाचंही मत ऐकण्याआधी त्याचं होम पार्क विचारून घ्यावं.

आणि चाहत्यांना सगळ्यात जास्त राग कशाचा येतो, तर क्लोनचा. एका गावापुरती असलेली राईड जशीच्या तशी दुसऱ्या गावात बसवणं. शांघायची ट्रॉन, म्हणजे मोटारसायकलसारख्या गाडीवर बसून घ्यायची रोलरकोस्टर, 2016 पासून त्या पार्काची शान होती, 2023 साली फ्लोरिडात तीच उघडली. फ्लोरिडावाल्यांना आनंद, बाकीच्यांचं म्हणणं, मग आता शांघायला कशासाठी जायचं? कंपनीच्या बाजूने बघितलं तर एकदा केलेलं डिझाइन पुन्हा वापरणं शहाणपणाचंच आहे. पण तुमच्यासारख्या प्रवाशासाठी हा क्लोनचा हिशेबच कामाचा. जे हाँगकाँगला पाहिलंय ते पुढच्या ठिकाणी सोडून द्या, आणि जे फक्त तिथेच आहे त्याच्या मागे लागा.

तेव्हा तुमच्यासाठी असं. टोकियोला जाणार असाल तर आणि एकच दिवस असेल तर डिस्नेलँड सोडा, डिस्नेसीला जा. हाँगकाँगमध्ये पाहिलेल्यातलं फारच थोडं तिथे पुन्हा भेटेल. ज्वालामुखीच्या पोटातली राईड आणि इंडियाना जोन्सची, या दोन सकाळी लवकर उरका. उंचीची अट आहे, मुलांची उंची घरून मोजून निघा, तिथे रडारड नको. 2024 च्या जूनमध्ये उघडलेल्या फँटसी स्प्रिंग्स या नव्या भागात फ्रोझनची बोट आहे, पण हाँगकाँगच्या फ्रोझनपेक्षा ती वेगळी आहे, क्लोन नव्हे. पॉपकॉर्नचे डबे गळ्यात अडकवून फिरणारी मोठमोठी माणसं दिसतील, हसू नका, संध्याकाळपर्यंत तुमच्याही गळ्यात एक असेल. शाकाहारी असाल तर आदल्या रात्रीच पोटोबाचा बंदोबस्त करा. मे महिन्याची सुट्टी डोळ्यांसमोर असेल तर पहिला आठवडा टाळा, जपानची गोल्डन वीकची सुट्टी तेव्हाच असते आणि अख्खा देश तिथे लोटतो. दिवाळीची सुट्टी बरी, हवाही छान. टोकियो डिस्नेलँडचं स्पेस माउंटन, म्हणजे अंधारातली रोलरकोस्टर, 31 जुलै 2024 ला बंद करून नवीन बांधायला घेतलंय, 2027 मध्ये उघडायचं आहे, तेव्हा केवळ त्यासाठी जात असाल तर तारीख बघून तिकीट काढा.

पॅरिसला जाणार असाल तर बाकी युरोप सोडून दोन दिवस तिथे घालवू नका. एक दिवस, पहिलं पार्क, फँटम मॅनर, बिग थंडर आणि ड्रॅगन. बाकी वेळ शहरात.

आणि हाँगकाँगला तुम्ही कोणत्या वर्षी गेला होतात ते लिहिलं नाहीत. 2020 च्या आधी गेला असाल तर तुम्ही पाहिलेला किल्ला आता तिथे नाही, अनाहाइमची ती नक्कल वाढवून नवा उंच किल्ला केलाय, आणि फ्रोझनचं गाव तर 2023 च्या नोव्हेंबरातलं. मिस्टिक मॅनर पाहायचं राहून गेलं असेल तर मी टोकियोच्या आधी पुन्हा हाँगकाँगलाच जा म्हणेन, सासरे काहीही म्हणोत.