एलडीएल 158 आलंय. भाकरीच खातो, रोज चालतो. गोळीशिवाय कोलेस्टेरॉल उतरेल का?

तुम्ही लिहिलंय की वय 44, लातूर जिल्ह्यात राहता, शुगर-बीपी नॉर्मल, रोज पहाटे चालता, घरी ज्वारीची भाकरीच असते. तरी एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, 158 आलं आणि डॉक्टरांनी स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी लिहून दिली. एकदा चालू केली की जन्मभर घ्यावी लागेल अशी धास्ती आहे, म्हणून खाण्यापिण्यावर भागेल का असं विचारलंय.

मी परभणीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. लिपिड प्रोफाइलची (कोलेस्टेरॉलच्या तपासणीची) सॅम्पलं रोज हाताखालून जातात. शिवाय आमच्या घरात माझं खाण्यावर भागलं आणि बायकोचं भागलं नाही, म्हणून लिहावंसं वाटलं. थेट सांगायचं तर तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून तीन महिने खाणं सुधारून बघण्याची मुभा डॉक्टरांकडे मागायला हरकत दिसत नाही. मात्र चालणं आणि भाकरी एवढ्यावर एलडीएल फारसं हलत नाही. हात घालावा लागतो तो दूध, तूप, तळण आणि डाळींच्या हिशोबात.

पण आधी तुम्हाला थांबता येतं का ते तपासा. एलडीएल 190 किंवा वर असेल, चाळिशीनंतर डायबेटिस असेल, अटॅक, स्टेंट किंवा लकवा होऊन गेला असेल, तर गोळी टाळण्याचा विचार करू नये. त्यांना खाणं सुधारायचंच, पण गोळीच्या जोडीनं. तुम्ही या यादीत नाही. तरी दोन गोष्टी तुमच्या प्रश्नात आल्या नाहीत. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत हृदयाचा त्रास झाला होता का? आणि तंबाखू? गुटख्याची पुडी, मळलेला तंबाखू, बिडी, काहीही चालू असेल तर 158 चा अर्थ बदलतो. त्यातून आपण दक्षिण आशियाई लोक. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत नुसता हा वंशही जोखीम वाढवणारी बाब म्हणून धरलाय. हे सगळं डॉक्टरांपुढे मोकळेपणानं मांडा, कारण गोळी द्यायची की नाही हे एकट्या एलडीएलच्या आकड्यावर ठरत नाही.

टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) केलं नसेल तर ते आधी करून घ्या. थायरॉईड मंदावलं की एलडीएल वाढतं आणि थायरॉईडवर इलाज झाला की बऱ्यापैकी उतरतं. तसं असेल तर तीन महिने पथ्य करून मन खट्टू करून घ्यायचं कारण नाही.

आता भाकरी खाऊनही वाढलं कसं, यावर. रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं शरीर स्वतः तयार करतं, लिव्हरचा त्यात मोठा वाटा. लिव्हरच्या पेशींवर एलडीएल पकडून आत ओढणारे रिसेप्टर असतात. ते शोधणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना 1985 मध्ये नोबेल मिळालं. रिसेप्टर भरपूर असले की रक्तातलं एलडीएल उचललं जातं, कमी झाले की ते रक्तातच फिरत राहतं. संपृक्त चरबी, म्हणजे तूप, साय, पाम तेल, खोबरं यांतली, हे रिसेप्टर कमी करते. डाळी, इसबगोल, भेंडी यांतला विरघळणारा चोथा आतड्यात पित्त धरून ठेवतो, मग नवं पित्त करायला लिव्हर रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. स्टॅटिन लिव्हरमधली कोलेस्टेरॉलची निर्मिती कमी करतं, त्यामुळेही रिसेप्टर वाढतात. म्हणजे पथ्य आणि गोळी शेवटी एकाच ठिकाणी काम करतात. ज्वारीतला चोथा चांगलाच, पण तो बहुतांशी न विरघळणारा. पोटाला आणि शुगरला त्याचा फायदा, एलडीएलला थोडाच.

चालण्याचंही तसंच. चालल्यानं ट्रायग्लिसराईड (रक्तातली दुसरी चरबी) उतरतात, शुगर-बीपी ताब्यात राहतं, वजन आटोक्यात येतं, हृदयाला बळ मिळतं. एलडीएल मात्र जेमतेम काही टक्के. चालणं सोडू नका, फक्त या एका आकड्यासाठी त्याच्यावर विसंबू नका.

ट्रायग्लिसराईडवरून आठवलं. लॅबमध्ये लोक विचारतात, "रक्त घट्ट झालंय का?" नळी सेंट्रिफ्यूजमधून फिरवून काढली की वर सिरम सुटतं, फिकट पिवळं आणि आरपार दिसणारं. ट्रायग्लिसराईड फार वाढलेले असतील तर तेच सिरम दुधासारखं पांढुरकं, गढूळ होतं. नळीमागं धरलेली अक्षरं दिसत नाहीत. एलडीएल नुसतं वाढलेलं असेल तर सिरम स्वच्छच असतं, मी 200 च्या वरचंही तसंच बघितलंय. म्हणून एलडीएल अंगात कळत नाही. आणि आपल्याकडं स्टॅटिनला सर्रास "रक्त पातळ करायची गोळी" म्हणतात, ती तशी नाही. रक्त पातळ करणारी ॲस्पिरिन वेगळी. मात्र दोन्ही एकत्र असलेल्या कॅप्सूल मिळतात, तेव्हा तुमच्या पाकिटावर नेमकं काय लिहिलंय ते वाचा आणि ॲस्पिरिन असेल तर ती कशासाठी, हे डॉक्टरांना विचारा.

माझं एलडीएल 161 होतं. डॉक्टरांनी तीन महिने दिले. बायकोनं आणि मी बसून घरात आठवड्याला काय काय येतं ते लिहून काढलं, तेव्हा पहिला नंबर दुधाचा लागला. डेअरीवर फॅट जास्त लागली की भाव चढतो, म्हणून आपल्याला घट्ट दूध म्हणजे चांगलं दूध. म्हशीच्या दुधात साडेसहा-सात टक्के फॅट असते. चहा, दही, रात्रीचा पेला मिळून माणशी अर्धा लिटर गेलं तर 33 ग्रॅमच्या आसपास फॅट, आणि त्यातली 20 ग्रॅमच्या घरात संपृक्त. ज्याला दिवसाला 2000 कॅलरी लागतात त्यानं एलडीएल उतरवायला संपृक्त चरबी साधारण 15 ग्रॅमच्या आत ठेवायची असते. तूप, खोबरं, फरसाण यायच्या आधीच मर्यादा ओलांडलेली! आम्ही दूध तापवून, गार करून साय काढून टाकायला लागलो, पुढं टोण्ड दुधावर आलो. दह्याला, ताकाला तेच. घरात लोणी-तूप निघेनासं झालं याचं आईला वाईट वाटलं, ते साहजिक आहे. वरणावर अर्धा चमचा तूप आम्ही ठेवलंय. पोळीला लावायचं बंद केलं.

तेलाचा हिशोबही एकदा करा. दिवसाला माणशी 25 ग्रॅम धरलं तर चार माणसांच्या घरात 15 किलोचा डबा पाच महिने पुरायला पाहिजे. दोन महिन्यांत संपत असेल तर माणशी 60 ग्रॅमच्या वर जातंय. तेल कोणतं? करडई, सूर्यफूल, सोयाबीन, शेंगदाणा यांतलं कोणतंही चालेल. करडई तर आपल्याच रानातली, आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी कुसुम' नावाचं वाण दिलंय. साध्या करडईच्या तेलात संपृक्त चरबी दहा टक्क्यांच्या आत असते. पाम तेलात निम्म्याच्या आसपास. पाम तेल आपण घरी आणत नाही, ते फरसाण, खारी, बिस्किटं आणि हॉटेलच्या भज्यांतून येतं. पुड्याच्या मागं बारीक अक्षरात 'पामोलिन' लिहिलेलं असतं. आणि तेलाच्या पुड्यावरच्या 'कोलेस्टेरॉल फ्री' या शब्दांना भुलू नका. वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतंच म्हटलं तरी चालेल.

काळ्या मसाल्यातलं आणि वाटणातलं सुकं खोबरंही मोजा. आम्ही रस्सा दाट करायला भाजलेले तीळ, शेंगदाण्याचं कूट आणि येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ) वापरतो. चवीत फार काही गमावलं असं मला वाटत नाही.

कमी करण्याइतकंच महत्त्व वाढवण्याला आहे, आणि बहुतेक जण इथंच कमी पडतात. टोरांटोचे संशोधक डेव्हिड जेंकिन्स यांनी 2003 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सोया, बदाम, जव-ओट्स, इसबगोलसारखा चिकट चोथा, वनस्पतीतले स्टेरॉल आणि चक्क भेंडी-वांगी, असं सगळं एकत्र दिलं. महिन्याभरात एलडीएल 28-29 टक्के उतरलं. लोव्हास्टॅटिन ही स्टॅटिनची गोळी घेणाऱ्यांचं 31 च्या आसपास. पण ते जेवण मोजूनमापून पुरवलेलं होतं. 2011 च्या त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात लोकांना फक्त सल्ला दिला, स्वयंपाक ज्यानं त्यानं घरी केला, तर सहा महिन्यांनी उतार 13 टक्क्यांच्या आसपास राहिला. घरी राहून मनापासून केलं तर 10 ते 20 टक्के, अशीच अपेक्षा धरा. तुमच्या 158 चे 142 ते 126.

लातूरकडचे आहात म्हणून येळवशीच्या (वेळ अमावस्येच्या) भज्जीची आठवण देतो. हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणा, शेंगभाज्या, वर बेसन. वर्षातून एकदा रानात बसून खाल्लेलं ते ताट या कामाला एकदम योग्य आहे, फक्त ते रोजचं व्हायला हवं. आमच्याकडं रोज एक वेळ वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ असते, पातळ फोडणीचं पाणी नाही. पिठात थोडं सोयाबीनचं पीठ. जवसाची चटणी रोज, जवस भाजून कुटलेलं, कारण अख्खं जवस तसंच निघून जातं. मूठभर शेंगदाणे, तळलेले नाहीत. भेंडी, वांगी, पेरू. आणि इसबगोल: दिवसभरात मिळून 10 ग्रॅमच्या आसपास, दोन वेळात विभागून, मोठा पेला भरून पाण्याबरोबर. एवढ्यानंच एलडीएल पाच ते दहा टक्के उतरू शकतं. सुरुवातीला पोट फुगतं, म्हणून अर्ध्यापासून सुरू करा. दुसऱ्या औषधांत आणि त्यात किमान दोन तासांचं अंतर ठेवा, थायरॉईडची गोळी असेल तर चार तासांचं.

अंड्याचं विचारतात सगळे. एका बलकात 200 मिलिग्रॅमच्या जवळपास कोलेस्टेरॉल असतं, पण रक्तातल्या एलडीएलवर त्याचा परिणाम संपृक्त चरबीपेक्षा कमी. या तीन महिन्यांत आठवड्याला तीन-चार पुरेत. मटणाची तर्री मात्र वरून काढून टाका. लिंबू-मध-गरम पाणी यावर वेळ घालवू नका.

माझं 161 चं 129 झालं, वजनही पाचेक किलो उतरलं. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला सध्या गोळी नको, वर्षाला तपासत राहा.

बायकोचं 214 होतं. माझे सासरे 48 व्या वर्षी अटॅकनं गेले. डॉक्टरांनी तिच्या टाचेमागची शीर दाबून बघितली, पापण्यांवर पिवळे डाग आहेत का ते बघितलं आणि हा वंशातून आलेला प्रकार वाटतो, असं सांगितलं. अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतो तो. जन्मापासूनच रिसेप्टर कमी चालतात. डॉक्टर गोळी पहिल्याच दिवशी सुरू करणार होते, ती म्हणाली थोडा अवधी द्या. तेच दूध, तीच भाकरी, तेच वरण खाऊन तिचं 186 वर येऊन थांबलं. तिनं माझ्यापेक्षा कडक पाळलं होतं. आता रात्री 20 मिलिग्रॅमची ॲटोर्व्हास्टॅटिन (स्टॅटिनचाच एक प्रकार) घेते, 98 वर आहे. जनऔषधीच्या दुकानात ती स्वस्तात मिळते. पहिले काही आठवडे तिला पाय दुखतात असं वाटायचं, नंतर गेलं. लंडनमध्ये 2020 मध्ये त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या लोकांना काही महिने खरी आणि काही महिने खोटी गोळी देऊन बघितलं, तर खऱ्या गोळीवर जाणवलेल्या त्रासाच्या 90 टक्के त्रास खोट्या गोळीवरही जाणवला. स्नायूंचा खरा त्रास काही जणांना होतोच, शुगर किंचित वाढू शकते, गरोदरपणात ही गोळी चालत नाही. तरी "लिव्हर-किडनी खराब होते" या ऐकीव भीतीपोटी ती टाळू नये. "केमिकल नको" म्हणणाऱ्यांना मी सांगतो की पहिलं स्टॅटिन जपानच्या अकिरा एंडो यांना 1973 मध्ये बुरशीत सापडलं.

आणि गोळी लागली तर पथ्य वाया जात नाही. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की एलडीएल जेमतेम सहा टक्के जास्त उतरतं. म्हणजे खाण्यानं मिळवलेले 12 टक्के हे डोस दोनदा दुप्पट करण्याच्या बरोबरीचे. बायकोचं 20 वर भागतंय ते त्यामुळंच, असं तिचे डॉक्टर म्हणतात.

तुमच्यासाठी टार्गेट किती हे डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्या. तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये, 12 तास उपाशीपोटी तपासा. आदल्या दिवशी लग्नाची पंगत किंवा दारू नको, आणि नुकताच ताप येऊन गेला असेल तर काही आठवडे थांबा, कारण आजारपणात एलडीएल खोटं खाली दिसतं. जुना-नवा रिपोर्ट दोन्ही घेऊन जा. मधल्या काळात चढ चढताना छातीत जड वाटलं, हातात किंवा जबड्यात कळ आली, दरदरून घाम फुटला तर तीन महिन्यांचं काही धरून बसू नका, त्याच वेळी दवाखान्यात जाऊन ईसीजी काढा.