दोन मॅच हरूनही चॅम्पियन?

प्रश्न: अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या २०२४च्या सीझनमध्ये ओहायो स्टेट दोनदा हरली, घरच्या मैदानावर कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगनकडूनसुद्धा, तरी चॅम्पियन कशी काय?

उत्तर: अहो, त्याच वर्षी प्लेऑफ (चॅम्पियन ठरवणारी बाद फेरी) ४वरून १२ टीमचा झाला ना, म्हणून वाचले. मिशिगनकडून १०-१३ हरले तेव्हा फॅन्स कोच रायन डेला हाकला म्हणत होते, आणि मग प्लेऑफमध्ये टेनेसी, ओरेगन, टेक्सास सगळ्यांना लोळवलं. टेक्सासची मॅच मात्र बघाच, शेवटी ओहायो स्टेटच्या जॅक सॉयरने टेक्सासचा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) क्विन एवर्सच्या हातातला बॉल उडवला, स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड पळत सुटला, गंमत म्हणजे हे दोघं आधी रूममेट होते! फायनलला नोत्र दामला ३४-२३ हरवलं. मिशिगनचं दुखणं मात्र त्या सीझनला राहिलंच.