भाडं निम्मं-निम्मं नको, पगाराच्या हिशोबाने भरा

प्रिय भाऊ,

तुझा मेसेज वाचला. दोन ओळींत उत्तर देणार होते पण हा विषय दोन ओळींचा नाहीये, म्हणून निवांत लिहितेय. लग्न ठरलं, जळगावात महाबळकडे टू बीएचके बघितला, भाडं १२ हजार, तुझ्या हातात २८ हजार येतात, होणाऱ्या बायकोच्या हातात ५२, आणि तू म्हणतोस की ताई मी निम्मं भाडं भरणारच, उद्या कोणी बोट दाखवायला नको. तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं, तरी सरळ सांगते, निम्मं-निम्मं करू नकोस.

आधी आकडे बघ. निम्मं म्हणजे ६ हजार. तुझ्या पगाराचा तो पाचवा हिस्सा, थोडा जास्तच, आणि तिच्या पगारातून जातात फक्त साडेअकरा टक्के. त्यात तू गावी चोपड्याला आईवडिलांना महिन्याला ६ हजार पाठवतोस, ते बंद करायचे नाहीत, आणि तिचा शिक्षणाच्या लोनचा ९ हजारांचा हप्ता चालू आहे. किराणा, दूध, गॅस, लाइट, नेट असा तुम्हीच काढलेला खर्च १४ हजार. सगळं निम्मं केलं तर तुझ्याकडे महिन्याचे ९ हजार उरतात आणि तिच्याकडे ३० हजार. त्या ९ हजारांत एमआयडीसीला जायचं-यायचं पेट्रोल, मोबाईल, कपडे, चोपड्याच्या फेऱ्या, लग्नसराईतले आहेर, आजारपण, सगळं बसवायचं. पहिले चार महिने बसेल. मग ती म्हणेल पावसाळ्यात तोरणमाळला जाऊ, आणि तू म्हणशील काम आहे, नंतर बघू. असं तीन-चारदा झालं की तिला वाटेल याला माझ्यासोबत कुठे जायचंच नाही, खरं कारण तू सांगणार नाहीस, कारण सांगितलं तर निम्म्याचा अभिमान जातो. माझ्याकडे इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायला येणारी इतकी जोडपी मी बघते, त्यात भांडण पैशाच्या आकड्यावरून सुरू झालेलं फार कमी बघितलं, पैसे नाहीत हे लपवण्यावरून सुरू झालेलं बरंच बघितलं. आणि लपवलेली क्रेडिट कार्डची बिलं, ती तर मार्चमध्ये कागद मागितले की बाहेर येतातच.

आता पगाराच्या प्रमाणात कर. दोघांची बेरीज ८० हजार, त्यात तुझे ३५ टक्के, तिचे ६५. भाड्यात तू ४,२०० भर, ती ७,८००. दोघांच्याही पगारातून बरोबर १५ टक्के जातात, म्हणजे ओझं सारखं. घरखर्चही त्याच प्रमाणात धरला तर तुझ्याकडे १२,९०० उरतात, तिच्याकडे २६,१००. तरी तिच्याकडे जास्तच राहतात, आणि राहू दे, ती जास्त कमावते. पण १२,९०० मध्ये माणूस श्वास घेऊ शकतो.

तू विचारशील की आईवडिलांचे पैसे आणि लोनचा हप्ता आधी वजा करून मग प्रमाण काढायचं का. मी म्हणेन हो, जे लग्नाआधीपासून डोक्यावर आहे आणि टाळता येत नाही ते वजा करा. बुलेटचा हप्ता मात्र वजा करायचा नाही, ती हौस आहे, ज्याची त्याने भरायची. तुमच्या बाबतीत वजा करून उरतात २२ हजार आणि ४३ हजार, त्याने तुझा वाटा साधारण ४,०६० येतो. फरक दीडशे रुपयांच्या आतला, त्यावर तासभर वाद घालू नका. पण कोणाला घरी १५ हजार पाठवावे लागत असतील तर तिथे मोठा फरक पडतो, म्हणून रीत माहीत असलेली बरी.

आता बोट दाखवणाऱ्यांचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेलास की कोणीतरी काका पारावर बसून म्हणेलच, "बायकोनी कमाईवर बठेल शे." बायकोच्या कमाईवर बसलाय म्हणे. म्हणू दे. त्यांनाच विचार, काका तुम्ही शेत बटाईने देता तेव्हा काय करता? एकाची जमीन, एकाचे कष्ट, बी-बियाण्याचा खर्च ठरल्याप्रमाणे, आणि माल आला की ठरलेला वाटा. ज्याने जमीन दिली नाही तो आयतं खातो असं कोणी म्हणत नाही, कारण त्याच्या कष्टाचाही वाटा धरलेला असतो. घरातही नोटांशिवाय बरंच काही घातलं जातं, आणि तिथेच मला तुझ्याकडून जास्त अपेक्षा आहे.

केंद्र सरकारचा वेळेच्या वापराचा सर्व्हे आहे, २०२४ चा. त्यात आपल्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा त्या बिनपगारी कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो आणि तसं काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. २०१९ ला हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत दोघांमधला फरक काही हलला नाही. ती घरून पुण्याच्या कंपनीचं काम करते म्हणून ती "घरीच असते" असं तुझ्या आईला, शेजाऱ्यांना आणि हळूहळू तुलाही वाटायला लागेल. सिलेंडरवाला आला तर ती, कामवाली आली नाही तर ती, पाहुणे आले तर मीटिंग सोडून चहा ठेवणारी पण तीच. ६५ टक्के भाडं तिचं आणि घरकामही ६५ टक्के तिचंच असं झालं तर माझा सगळा हिशोब फेकून दे, तो अन्याय आहे. तू सकाळचा स्वयंपाक घे, किंवा रात्रीची भांडी आणि बाजारहाट घे, काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा, पण "मदत करतो" म्हणू नकोस, वाटा म्हणून घे. भरीत तुला येतं हे मला माहीत आहे, ऑफिसच्या भरीत पार्टीत खाल्लंय, पण ते हिवाळ्यात चार वेळा. रोजची पोळी-भाजी शीक.

गावाकडून येणाऱ्या धान्याचं एक विचारलं होतंस. तुझ्या घरून वर्षाचा गहू, दादर ज्वारी, तुरीची डाळ येणार, ती तुझ्या वाट्यात धरायची का. नको. मग तिच्या आईने पाठवलेले पापड-कुरडया पण मोजाव्या लागतील, आणि दोन्ही घरच्या प्रेमाचा भाव काढत बसाल. गहू आला की किराणा कमी होतो, तो फायदा दोघांचा.

पण शेतीचं उत्पन्न असलेल्या जोडप्याचं वेगळं. रावेरकडचं एक जोडपं माझ्याकडे येतं, तो केळी करतो, ती नर्स आहे, मुलांच्या शाळेसाठी जळगावात भाड्याने राहतात. त्याच्या हातात पैसा केळी कापली की येतो, कधी भाव असतो कधी नसतो, मग महिन्याचं प्रमाण काढणार कसं? त्यांनी भाडं पूर्ण तिच्या पगारावर टाकलंय आणि शाळेची फी, वर्षाचं धान्य, दवाखाना त्याच्याकडे. वर्षाअखेर दोघं बसून बघतात कोणावर जास्त पडलं. मला ही पद्धत फार आवडते. तुमचे दोघांचे पगार महिन्याचे महिन्याला येतात म्हणून तुम्हाला ती लागणार नाही, पण तिची कंपनी बंद पडली किंवा तू धंद्यात उतरलास तर लक्षात ठेव.

घराच्या साइजवरूनही तुमचा वाद झालेला दिसतोय. तू म्हणतोस वन बीएचके साडेआठ हजारांत मिळत होता, दुसरी रूम तिच्या कामासाठी, मग वरचे साडेतीन हजार तिने एकटीने भरावे. मला हे पटत नाही. त्या रूममधून जो पगार येतो त्यावर तुमचं अर्ध्याहून जास्त घर चालणार आहे, आणि संध्याकाळी सहानंतर ती रूम तुम्हा दोघांचीच आहे. हां, ती उद्या १८ हजारांचा फ्लॅट म्हणाली आणि तुला झेपत नसेल तर तिथे स्पष्ट नाही म्हण, जास्त कमावणाऱ्याने घर आपल्याच ऐपतीने निवडायचं नसतं.

टॅक्सचं थोडक्यात. तुझ्या मित्राने सांगितलं की सगळं भाडं तिच्या खात्यातून दाखवा, एचआरएमध्ये, म्हणजे पगारातल्या घरभाडे भत्त्यावर, टॅक्स वाचेल. एचआरएची सूट फक्त जुन्या करप्रणालीत आहे. नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य होतो, पगारदाराला ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन वेगळं. तिचा पगार वर्षाला सव्वासहा लाखांच्या आसपास, तुझा साडेतीनच्या आत. तुमचा दोघांचा कर तसाही शून्य आहे, त्यामुळे टॅक्ससाठी भाड्याची वाटणी वाकडी करायची काही गरज नाही. पगार वाढले आणि जुनी प्रणाली निवडली तर तेव्हा बघू, दोघंही आपापल्या भरलेल्या भाड्यावर सूट घेऊ शकतात, फक्त जो जेवढं भरतो तेवढंच दाखवायचं.

करारावर मात्र दोघांची नावं पाहिजेतच. आपल्याकडे घरमालक नवऱ्याचंच नाव घालतो, एजंट विचारत पण नाही. जी ६५ टक्के भाडं देणार तिचं नाव कागदावर नाही, हे मला सहन होत नाही. भाड्याच्या घराचा हा लिव्ह अँड लायसन्सचा करार ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात तो लेखी आणि रजिस्टर्ड लागतो, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५, आणि ती जबाबदारी घरमालकाची. मुद्रांक शुल्क पाव टक्का असतं, तुमच्या ११ महिन्यांच्या भाड्यावर साडेतीनशेच्या आसपास, त्यामुळे स्टॅम्प महाग म्हणून नोटरीवर भागवू म्हणाला तर ऐकू नकोस. डिपॉझिट ३६ हजार सांगितलंय, त्यात पण तुझे १२,६०० आणि तिचे २३,४००, आणि परत मिळताना त्याच प्रमाणात, हे आत्ताच व्हॉट्सॲपवर एकमेकांना लिहून ठेवा.

दोघांचं एक जॉइंट खातं उघडा, पगार झाला की दोन दिवसांत आपापला वाटा त्यात, भाडं आणि घरखर्च तिथूनच जाईल. बाकी पैसे ज्याचे त्याच्या खात्यात, त्याबद्दल रोज विचारायचं नाही. तू शंभर रुपयांचा रिचार्ज केला की तिने हिशोब मागायचा, किंवा तिने साडी घेतली की तू तोंड वाकडं करायचं, असलं नको. मोठ्या निर्णयात दोघांचं मत सारखं. ३५ टक्के भरतोस म्हणून तुझं मत ३५ टक्क्यांचं होत नाही, आणि हीच गोष्ट उलट्या बाजूने लक्षात ठेव, कारण पारडं फिरणार आहे.

बाळंतपणाचं बोलतेय. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते, पण ती संपल्यावर बाळ लहान म्हणून तिने वर्षभर काम थांबवलं तर तिचं उत्पन्न शून्य. त्या दिवशी याच नियमाने तुझा वाटा १०० टक्के आणि तिचा शून्य, आणि तिचं मत तेवढंच राहील जेवढं आज आहे. आज तिच्याकडून ६५ टक्के घेताना तुला हे मान्य असेल तरच घे. हे तिला तोंडाने सांग, लग्नाआधी सांग, तिच्या आईवडिलांसमोर सांगितलंस तर अजून चांगलं.

आणि तुझ्या वडिलांनाही भाड्याचे खरे आकडे तूच सांग, दुसऱ्याकडून कळायला नको. ते चिडतील असं तुला वाटतं, मला तसं वाटत नाही, ज्या माणसाने दोन एकर विकून तुला इंजिनिअरिंग शिकवलं त्याला पैशाची ओढाताण काय असते ते तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

रविवारी तिला घेऊन फ्लॅट परत बघून ये, दुपारी जा, म्हणजे उन्हाळ्यात तिच्या कामाच्या रूममध्ये किती तापतं ते कळेल, जळगावच्या मे महिन्यात वरच्या मजल्यावर कूलरशिवाय लॅपटॉपवर बसता येत नाही. कूलर घ्यायचा झाला तर तोही जॉइंट खात्यातून. कराराचा ड्राफ्ट आला की सही करायच्या आधी मला पाठव, मी वाचून देते.

तुझी,
ताई