ग्रामीण बँकेचं नाव बदललं म्हणून आईचे पैसे काढून घ्यायचे का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. आई ६८ वर्षांच्या, लांजा तालुक्यातल्या गावात एकट्या असतात, त्यांचं सेव्हिंग खातं आणि मुदत ठेवीच्या दोन पावत्या विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत होत्या, आता शाखेच्या पाटीवर महाराष्ट्र ग्रामीण बँक लिहिलंय. वाडीतले लोक म्हणतायत बँक बुडाली म्हणून नाव बदललं, तर तुम्ही मुंबईत बसून विचारताय की पैसे काढून दुसरीकडे ठेवू का. आणि बँकेचा ग्रामपंचायतीत मेळावा आहे, त्याला आईला पाठवून काही फायदा आहे की नुसता फोटो काढायचा कार्यक्रम.

पैसे काढू नका. मेळाव्याला पाठवा, पण कागद देऊन पाठवा.

मी ३१ वर्षं ग्रामीण बँकेत काढली, कॅश काउंटरपासून सुरुवात आणि शेवटी शाखाधिकारी. कुठल्या ते सांगत नाही, पेन्शन सुखाने खाऊ दे.

आधी नावाचं बघू. तुमच्या भागात ही पाटी काही पहिल्यांदा बदललेली नाही. आईंकडे जुनी पासबुकं जपून ठेवलेली असतील तर बघा, एखाद्यावर रत्नागिरी सिंधुदुर्ग ग्रामीण बँक सापडेल, मग वैनगंगा कृष्णा ग्रामीण बँक झाली (वैनगंगा भंडारा-गोंदियाकडची, कृष्णा महाबळेश्वरला उगम पावून पूर्वेकडे जाते, दोन्ही नद्यांचा कोकणाशी संबंध नाही, पण नाव आपलं छापून आलं), मग २०१३ मध्ये विदर्भ कोकण, आणि आता १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँक. सरकारने एक राज्य एक ग्रामीण बँक असं धोरण घेतलं, त्यात देशभरातल्या ४३ ग्रामीण बँकांच्या २८ झाल्या. आपल्याकडे दोन होत्या त्यांची एक झाली, मुख्य कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आणि पाठीशी बँक ऑफ महाराष्ट्र. आधी तुमच्या बँकेमागे बँक ऑफ इंडिया होती, एवढाच फरक. ग्रामीण बँकेचं भांडवल केंद्र सरकार ५० टक्के, प्रायोजक म्हणजे पाठीशी असलेली बँक ३५ आणि राज्य सरकार १५ असं असतं. म्हणजे कुणा शेठची पतपेढी नाही ही. लोकांच्या डोक्यात पतसंस्था, सहकारी बँक आणि ग्रामीण बँक हे सगळं एकाच पिशवीत असतं आणि एका पतसंस्थेला टाळं लागलं की तिन्हीकडे रांग लागते, हे मी काउंटरच्या आतून दोनदा बघितलंय.

पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, मुद्दल आणि व्याज धरून, माणशी आणि बँकेमागे, फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा आहे. पतसंस्थेतल्या पैशाला हा विमा नाही, हे मात्र वाडीत जोरात सांगा, कारण दीड टक्का जास्त मिळतो म्हणून तिकडे नेऊन ठेवणारे नेमके तेच लोक असतात जे बँक बुडाली म्हणून सांगत फिरतात. पावत्या मोडायचं तर अजिबात कारण नाही, विलीनीकरण झालं तरी पावतीवरचा दर मुदत संपेपर्यंत तोच राहतो, आणि मध्येच मोडली तर व्याज कापून घेतात ते वेगळंच.

आता खरी भानगड कुठे होते ते सांगतो. बँक बदलल्यावर पैसे जात नाहीत, पैसे यायचे थांबतात. एनईएफटीने कुणी पैसे पाठवत असेल, तुम्हीच दर महिन्याला पाठवत असाल, तर तुमच्या मोबाईल ॲपमध्ये सेव्ह केलेला आयएफएससी, म्हणजे शाखेचा कोड, जुना असू शकतो. तो ११ अक्षरांचा असतो आणि पहिली चार अक्षरं बँकेची असतात, ग्रामीण बँकांना बऱ्याच वेळा ती प्रायोजक बँकेची मिळतात, त्यामुळे प्रायोजक बदलला की कोडही बदलू शकतो. शाखेतून नवीन कोड पासबुकावर छापून घ्या, इंटरनेटवर शोधलेला कोड वापरू नका, आणि पहिल्यांदा शंभर रुपये पाठवून बघा. जुनं चेकबुक असेल तर तेही दाखवून चालणार का विचारा.

दुसरी आणि मोठी भानगड आधारची. आईंना श्रावणबाळचे किंवा पीएम किसानचे पैसे येत असतील तर हे नीट वाचा. आधार लिंक असणं आणि आधार सीडिंग असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हे समजावून सांगता सांगता माझी शेवटची दोन वर्षं गेली. आधार तुम्ही पाच बँकांना लिंक करू शकता, पण सरकारी अनुदान ज्या खात्यात पडतं ते सीडिंग एका वेळी एकाच बँकेला असतं, आणि ज्या बँकेत सगळ्यात शेवटी केलं तीच धरली जाते. लाडकी बहीण सुरू झाली तेव्हा एक बाई रोज यायच्या, साहेब वाडीत सगळ्यांचे पडले माझेच नाही पडले. फॉर्म मंजूर, आधार लिंक, खातं चालू, सगळं ठीक. माझ्यावर त्यांचा संशय की मीच अडवतोय. शेवटी त्यांच्याच मोबाईलवर ओटीपी घेऊन आधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस बघितलं तर भलत्याच बँकेचं नाव. बाईंना आठवेना. मग म्हणाल्या, मागे आठवडी बाजारात एक मुलगा छत्री लावून बसला होता, सिमकार्ड फुकट देत होता, त्याने दोनदा अंगठा घेतला. दुसरा अंगठा खातं उघडायचा होता! पैसे चोरीला गेलेले नव्हते, त्या खात्यात गुपचूप पडत होते, साडेचार हजार जमले होते. ते काढले, सीडिंगचा फॉर्म आमच्याकडे भरला, पुढचा हप्ता बरोबर आला. नंतर त्या बाई दिवाळीला फराळाचा डबा घेऊन आल्या होत्या आणि चकल्या इतक्या कडक होत्या की आमच्या शिपायाचा दात हलला, असो.

तर हे एकदा तपासून घ्या. साईटवर जमत नसेल तर शाखेत विचारा, फक्त प्रश्न बरोबर विचारा. आधार लिंक आहे का विचारलं की आहे म्हणून सांगतात आणि विषय संपतो. डीबीटीसाठी सीडिंग कुठल्या बँकेला आहे, असं विचारायचं, डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येणं.

आता मेळावा. तुम्ही लिहिलंय की बँकेच्या बातम्यांमध्ये तेच ते फोटो असतात, बॅनर, हार, दीपप्रज्वलन आणि खुर्च्यांवर बचत गटाच्या बायका. खरं आहे. असे मेळावे मी स्वतः भरवलेत, नाबार्डकडून त्याला थोडा निधी मिळतो आणि मग फोटोसकट रिपोर्ट पाठवावा लागतो, म्हणून तो फोटो. भाषणं लांबतात, पाहुणे उशिरा येतात, चहा गार होतो. पण कोपऱ्यात एक टेबल असतं बघा, तिथे क्लार्क किंवा बँक मित्र (गावात बँकेचं काम करणारा बँकेचा प्रतिनिधी) मशीन आणि फॉर्म घेऊन बसलेला असतो, मेळावा म्हणजे ते टेबल. शाखेत सोमवारी गेलं तर केवायसीला, म्हणजे ओळख आणि पत्त्याचे कागद द्यायला, अर्धा दिवस जातो, नेटवर्क नसतं, साहेब मीटिंगला. मेळाव्यात तेच काम दहा मिनिटांत होतं कारण त्या दिवशी आकडा दाखवायचा असतो. २०२५ च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये ग्रामपंचायतींमध्ये री-केवायसीचे कॅम्प झाले, त्यामागचं कारण असं की जनधन खाती ऑगस्ट २०१४ पासून उघडायला लागली, त्यांना दहा वर्षं झाली आणि लाखो लोकांची केवायसी एकदम जुनी झाली. रिझर्व्ह बँकेने आता केवायसीचे कागद बँक मित्राकडेही द्यायला परवानगी दिलीय, पत्त्यात किंवा कशात बदल नसेल तर नुसतं लिहून दिलं तरी चालतं. तुमच्या आईंचा पत्ता तोच असणार, तेव्हा त्यांना तालुक्याला एसटीने पाठवायची गरज पडू नये.

आईंच्या पिशवीत आधारची झेरॉक्स, पॅन असेल तर पॅन, दोन फोटो, पासबुक आणि दोन्ही पावत्यांच्या झेरॉक्स घाला, मूळ पावत्या घरीच ठेवू दे. आणि मोबाईल त्यांचाच न्यायचा, म्हणजे खात्याला जो नंबर जोडलाय तो. निम्म्या गावाच्या खात्यांना मुंबईतल्या मुलाचा पाच वर्षांपूर्वी बंद झालेला नंबर असतो, मग ओटीपी कुठे जातो देव जाणे.

नॉमिनी त्याच टेबलवर बघून घ्या. सेव्हिंगला असतं, पावत्यांना नसतं, हे नेहमीचं आहे कारण पावती वेगळी केली की फॉर्मही वेगळा भरावा लागतो आणि तो राहतो. नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात आणि कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं, तुम्ही भावंडं जास्त असाल तर नंतरची कटकट वाचेल. फक्त नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, त्याने पैसे घेऊन वारसांना द्यायचे असतात, कायद्याने तसंच आहे, यावरून सख्ख्या भावांना काउंटरसमोर गळपट्टी धरताना बघितलंय. आई चालत्या फिरत्या आहेत तोवर तुमचं नाव जॉइंट लावून दोघींपैकी कुणीही किंवा हयात असेल ती अशी सूचना करून ठेवली तर अजून सोपं, पण ते आईंना पटत असेल तर. बऱ्याच आयांना नाही पटत आणि त्यांचं बरोबर असतं.

वीस रुपयांचा अपघात विमा घेतलाय का बघा, वर्षाला २० रुपये आणि दोन लाखांचं संरक्षण, वय ७० पर्यंत, म्हणजे आईंना अजून बसतो. मे अखेरीला खात्यातून आपोआप कापतात, त्या वेळी खात्यात पैसे नसले तर तो गळतो आणि कुणी कळवत बसत नाही. ४३६ वाला जीवन विमा त्यांच्या वयाला मिळणार नाही, तो ५० च्या आत घ्यावा लागतो. आंब्या-काजूवर पीककर्ज असेल तर ते वेळेत नवं-जुनं करून घ्या, तीन लाखांपर्यंत वेळेवर भरलं तर राज्याच्या योजनेमुळे व्याज शून्यावर येतं, एक दिवस चुकला तरी ते जातं.

नाव बदललं की लुटारूंचा सीझन सुरू होतो हेही सांगून ठेवतो. बँक मर्ज झाली, केवायसी केली नाही तर खातं आज रात्री बंद, खालची फाईल डाउनलोड करा, असा मेसेज व्हॉट्सॲपवर येतो आणि त्यावर बँकेचा लोगो पण असतो. ती फाईल घेतली की मोबाईल त्यांचा झाला. बँकांच्या खऱ्या साईटचा पत्ता आता डॉट बँक डॉट इन असा संपतो, ते बघायचं, आणि आईंना एवढंच सांगा की बँकेचा माणूस फोनवर काही मागत नाही, मागितलं तर फोन ठेव आणि मला लाव. तरी झालंच काही तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन आणि बँकेला लेखी. फसवणूक बाहेरच्या कुणी केली आणि आपण ओटीपी वगैरे दिला नसेल तर तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं की सगळं नुकसान बँकेने सोसायचं असा नियम २०१७ पासून आहे, ग्रामीण बँकांनाही. ओटीपी दिला तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. लोक लाजेखातर आठ-आठ दिवस सांगत नाहीत. एका निवृत्त गुरुजींनी महिनाभर बायकोलाही सांगितलं नव्हतं.

बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढत असतील तर दर वेळी पावती घ्यायची सवय लावा, आणि अंगठा लागला नाही, परत लावा, असं तो म्हणाला तर आधी बॅलन्स बघा. सगळे मित्र वाईट नसतात, माझ्या शाखेचा मित्र म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन पेन्शन द्यायचा, पावसात सुद्धा. पण पावती घ्याच.

आणि शाखेत कुणी दाद दिली नाही तर भांडत बसू नका, तोंडी तक्रारीला किंमत नसते. अर्ज लिहायचा, दोन प्रती, एकीवर शिक्का आणि तारीख घ्यायची. शिक्का मारायला का कू केलं तर स्पीड पोस्टाने पाठवा. तीस दिवस थांबा, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते, फुकट, वकील लागत नाही, आणि १४४४८ वर फोन करून विचारता पण येतं. गंमत अशी की शिक्का मागितल्यावरच निम्मी कामं होतात, हे मी आतला माणूस म्हणून सांगतोय, लोकपालाच्या पत्राला उत्तर देणं हे शाखाधिकाऱ्याला ऑडिटपेक्षा नकोसं असतं.

शेजाऱ्यांना उत्तर काय द्यायचं तर जुनी पासबुकं काढून ओटीवर मांडा, बँकेची किती नावं झाली आणि शिल्लक कुठे गेली का ते त्यांनाच बघू दे.

मेळाव्याची तारीख शाखेच्या नोटीस बोर्डावर असेल, मेसेजवर विसंबू नका, पाहुण्यांच्या सोयीने बदलते. आणि सीडिंगचं स्टेटस बघितलंत की त्यात काय आलं ते इथे लिहा, बँकेचं नाव नको, फक्त तीच बँक आहे की दुसरी एवढं सांगा. दुसरी निघाली तर पुढे काय करायचं ते सांगतो, त्याचा फॉर्म वेगळा असतो.