शनिवार-रविवार दुसऱ्याच्या हॉस्टेलवर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. बारावीचे दोन मित्र पवईच्या आयआयटीत आहेत. शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परत यायचं आहे. कुठे उतरायचं? बस बरी की रेल्वे? — विद्यार्थी, पुणे

उत्तर : आधी रविवारचं परतीचं तिकीट काढा, मग जाण्याचं बघा. जायला उशीर झाला तर मित्र फार तर वैतागतील. परतीची गाडी हुकली तर सोमवारचं प्रॅक्टिकल गेलं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि रविवार संध्याकाळच्या जागा लवकर भरतात.

जाताना इंद्रायणी एक्सप्रेस सोयीची. ती ठाण्याला थांबते, तेव्हा तिकीट तिथपर्यंतचंच घ्या. आयआयटीचं जवळचं स्टेशन कांजूरमार्ग. दादरला उतरलात तर तेवढं अंतर उलटं यावं लागतं. ठाण्याहून सीएसएमटीकडे जाणारी स्लो लोकल पकडा : मुलुंड, नाहूर, भांडुप आणि चौथं कांजूरमार्ग. फास्ट इथे थांबत नाही. लोकलचं तिकीट वेगळं काढायचं, सेकंड क्लासचे पाच रुपये. ते वाचवायला जाऊन टीसीच्या हाती सापडणारे पुणेकर काही कमी नाहीत. पश्चिमेला बाहेर पडून रिक्षावाल्याला ‘आयआयटी मेन गेट’ सांगा. आवार पाचशे एकरांहून मोठं आहे आणि हॉस्टेलं गेटपासून बरीच आत, म्हणून मित्राला गेटवर बोलवा. तिथली मुलं ‘तुमतुम’ म्हणतात ती आतली गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर पायपीट. रात्री तलावाच्या काठाला उतरू नका. पवई तलावात मगरी आहेत, आणि लागूनच राष्ट्रीय उद्यान असल्यामुळे आवारात बिबट्याही येतो.

खरी गडबड रविवारी होते, कारण मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी एखादा मार्ग काही तास बंद. मध्य रेल्वेवर माटुंगा ते मुलुंड पट्ट्यात स्लो मार्गावर ब्लॉक असला की स्लो लोकल फास्ट मार्गावरून सोडतात. त्या मार्गाला विद्याविहार, कांजूरमार्ग आणि नाहूरला फलाटच नाहीत, त्यामुळे तिथे गाडी थांबत नाही. सकाळी अकरा ते दुपारी चारच्या सुमाराला कांजूरच्या फलाटावर उभे राहिलात तर समोरून लोकल धडधडत जाताना नुसत्या बघत बसाल. अशा दिवशी रिक्षा थेट विक्रोळीला न्या. ब्लॉकचं वेळापत्रक एक-दोन दिवस आधी जाहीर होतं. त्यात ‘अप स्लो’ हे शब्द शोधा. दादरकडे जाणारा मार्ग तो. ब्लॉक हार्बरवर असेल तर तुमचं काही अडत नाही.

परतीला डेक्कन क्वीन घ्या. ती सीएसएमटीहून १७.१० ला सुटते आणि ठाण्याला थांबत नाही, तेव्हा ती दादरलाच गाठावी लागते. हॉस्टेलमधून तीनला निघा. साडेतीन ही शेवटची मर्यादा. जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर रिक्षा किती वेळ अडकेल याचा नेम नाही.

परतीचं तिकीट नसेल तर शनिवारी सकाळी अकराला तत्काळ बघा. सेकंड सिटिंगला तत्काळचा अधिभार फक्त १० ते १५ रुपये असतो. तो शेकड्यांत असेल या समजुतीने पुष्कळ मुलं तिकडे फिरकतच नाहीत. आयआरसीटीसीचं खातं आधारशी आधीच पडताळून ठेवा, नाहीतर तत्काळ मिळणार नाही. ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं. ते दाखवून गाडीत बसणं म्हणजे विनातिकीट प्रवास.

बसचं म्हणाल तर तुमची दिशा नशिबाची आहे. द्रुतगती मार्गावर शनिवारी सकाळी कोंडी होते ती पुण्याकडे येणाऱ्या बाजूला आणि रविवारी संध्याकाळी मुंबईकडे परतणाऱ्या बाजूला. लोणावळ्याला आलेली मुंबई तेव्हा घरी निघालेली असते. मित्र पुण्याला येणार असतील तेव्हा मात्र त्यांना रेल्वेनेच बोलवा.

प्रश्न : मैत्रीण पुण्यात मुलींच्या हॉस्टेलवर राहते. मला दोन रात्री तिच्या खोलीत राहता येईल का? — विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : नियम हॉस्टेलगणिक वेगळे असतात, पण अर्ज बहुतेक ठिकाणी मैत्रिणीनेच करायचा असतो. तिला तो गुरुवारीच द्यायला सांगा. रेक्टर मॅडम शुक्रवारी दुपारी गावी निघाल्या की सही सोमवारवर जाते. तुमच्या आधारची झेरॉक्स, कॉलेजचं ओळखपत्र आणि पालकांचा फोन नंबर अर्जासोबत लागतो. पाहुण्यांचं शुल्क असेल तर पावती घ्या आणि जवळ ठेवा, कारण रात्री वॉचमनच्या वहीत नाव सापडलं नाही तर तीच कामाला येते. परीक्षेच्या काळात बरीच हॉस्टेलं पाहुणे घेतच नाहीत.

परवानगी न घेता राहणाऱ्याला हॉस्टेलच्या भाषेत ‘पॅरासाइट’ म्हणतात. चेकिंग झालं तर तुम्ही साताऱ्याला निघून जाल, दंड आणि नोटीस मैत्रिणीच्या नावावर. ते तिच्या गळ्यात घालू नका.

सोबत चादर, टॉवेल आणि एक्स्टेन्शन बोर्ड न्या. दोन कॉट जोडून तिघी झोपणार असाल तर मधल्या फटीत रजईची घडी घट्ट कोंबा, आणि कॉटचे पाय एकमेकांना ओढणीने बांधा. नाहीतर मध्यरात्री मधली खाली. सोलरचं पाणी असेल तर नळातली पहिली बादली गारच येते, ती कपड्यांना ठेवा. गेट बंद व्हायची वेळ तिला आधीच विचारा. रविवारी दुपारी फीस्ट (खास जेवण) आणि संध्याकाळी मेस बंद असा अनेक ठिकाणी रिवाज आहे, म्हणून दुपारचं जेवण चुकवू नका. गेस्ट कूपन आदल्या दिवशीच सांगावं लागतं.

प्रश्न : मुलगी मँचेस्टरला एमएस्सी करते, वय २७. तिला मैत्रिणीकडे एडिनबराला जायचं आहे. रेल्वेचं भाडं ऐकून धक्का बसला. काही सवलत? — पालक, नाशिक

उत्तर : १६ ते २५ वयाचं रेलकार्ड २६ किंवा त्याहून जास्त वयाच्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांनाही मिळतं. त्यासाठी विद्यापीठाकडून पडताळणी लागते. वर्षाचे ३५ पौंड, आणि भाड्यात एक तृतीयांश सूट. जाऊन-येऊन शंभर पौंडांच्या एका फेरीतच जवळपास वसूल होतं. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेचार ते दहा या वेळेत किमान भाडं १२ पौंड धरतात, शनिवार-रविवारी ती अट नाही. ‘अ‍ॅडव्हान्स’ तिकीट सगळ्यात स्वस्त, पण ते ठरलेल्या गाडीलाच चालतं. कार्ड फोनमध्ये असेल तर पॉवर बँक जवळ हवी : फोन बंद पडून कार्ड दाखवता आलं नाही तर सवलत हातची जाते. तिथेही रविवारी रुळांची कामं काढतात आणि मधल्या टप्प्यात रेल्वेऐवजी बसमध्ये बसवतात. परतीचं तिकीट काढण्याआधी तेवढं तिला पाहायला सांगा.